इथल्या हवेचा आकडा

“दार लावण्याआधी स्वतः आत जायचं. पडद्यावर बघून भागवायचं नाही. चारही कोपरे बघायचे, टेबलाखाली वाकून बघायचं, मशीनच्या पाठीमागे जाऊन यायचं. मगच बटणाला हात.”

मास्तरांचा हा आवाज मीटरबाईच्या कानात रोज सकाळी पावणेआठला वाजायचा. तिला शिकवणारे मास्तर समुद्रापलीकडे, त्यांच्या देशात, बहुधा अजून अंथरुणात असायचे. पण इथे ती चपला दाराशी काढून त्या जाड भिंतींच्या खोलीत शिरायची आणि सांगितल्याप्रमाणे सगळं बघून यायची. मशीनवर अजून एकही पेशंट घेतलेला नव्हता. खोलीत सापडून सापडून सापडणार कोण? तरी तिने हा नेम कधी मोडला नाही. आणि तिसऱ्याच दिवशी तिला मशीनच्या पाठीमागे एक माणूस सापडलाही. मोठे डॉक्टर. स्टुलावर बसून, मांडीवर हात ठेवून नुसते बघत होते. बारा वर्षं हे गृहस्थ पेशंटच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला दोन दिवसांच्या प्रवासाला पाठवत आले होते. निम्मे तिथे पोहोचायचे नाहीत, पोहोचलेल्यांना चार महिन्यांनंतरची तारीख मिळायची. आता मशीन स्वतःच्या इस्पितळात उभं होतं आणि त्यांना ते सोडवत नव्हतं. “बाई, कुणाला सांगू नका,” एवढंच म्हणाले आणि पोरासारखे लाजून बाहेर गेले.

मीटरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. अकरा महिने परदेशात शिकून आल्यापासून तिच्या हातात कुठलं ना कुठलं मोजायचं यंत्र असायचंच, म्हणून वॉर्डातल्या आयांनी तिला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिचं कामही तेच. रेडिएशन किती द्यायचं हे डॉक्टर ठरवणार. मशीनमधून नेमकं तेवढंच निघतंय, थेंबभर कमी नाही की जास्त नाही, याची हमी तिची. दोन देशांतल्या इस्पितळांनी मिळून करार केला होता. मशीन आणि शिकवणं त्यांचं, इमारत आणि माणसं इथली. त्या करारातून मशीन चौदा खोक्यांत आलं. ट्रेलर वळेना म्हणून इस्पितळाच्या कोपऱ्यावरचा विजेचा खांब काढावा लागला, तेव्हा गावाने दुकानं अर्धी बंद करून तमाशा पाहिला. डोंगरातलं गाव, एवढं मोठं वाहन घाट चढून वर आलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि ज्या दिवशी खोकी उघडली, त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या जावेच्या छातीतली कॅन्सरची गाठ ऑपरेशनने काढली.

जाऊबाई म्हणजे घराचा कणा. मीटरबाई परदेशात निघाली तेव्हा तिची मुलगी पाच वर्षांची होती. सासरच्यांत चुळबूळ सुरू झाली, नवऱ्याचीही जरा का-कू झाली, तेव्हा जाऊबाईंनी भाजी चिरता चिरता निकाल देऊन टाकला होता: तिने जायचं, पोरीचं मी बघते, विषय संपला. अकरा महिने त्या पोरीच्या वेण्या घातल्या, ताप काढले, पाढे पाठ करून घेतले. ऑपरेशननंतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ गेली, पण बारा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. उशीर झाला तर ऑपरेशनचं सगळं पाण्यात. लांबच्या मशीनची तारीख मागवली, ती आली विसाव्या आठवड्याची. जाऊबाईंनी ती चिठ्ठी घडी घालून डब्याखाली ठेवली.

“धाकटे, मी कुठे जायची नाही,” त्या म्हणाल्या. “तुझ्या त्या धुडाखाली झोपेन. अकरा महिने तुझी पोर सांभाळली ती काय उगाच?”

हे बोलणं त्यांनी हसत हसत केलं. पण मीटरबाईच्या मनात त्या दिवसापासून एकच कॅलेंडर लटकलं. बारा आठवडे.

मशीन मोजायचं कसं, हे थोडं सांगायला हवं. पाण्याने भरलेल्या काचेच्या टाकीत एक बारीक कांडी सोडायची. कांडीच्या टोकाशी शेंगदाण्याएवढी पोकळी, तिच्यात साधी हवा. मशीन त्या हवेवर मारा करतं आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचा मीटर आकडा दाखवतो. आता हवा थंड-गरम होते, दाट-विरळ होते, म्हणून त्या दिवशीचं तापमान आणि हवेचा दाब घेऊन आकडा दुरुस्त करायचा. तापमानाला थर्मामीटर होता. दाब मोजायचं यंत्र मात्र चौदाव्या खोक्यात काचेचा चुरा होऊन आलं. दुसरं मागवलं, ते जकातीत अडकलं.

मीटरबाई काही त्याने अडून राहणारी नव्हती. मास्तरांच्या इस्पितळात दाबाचं यंत्र बरोबर आहे ना हे ताडायला रोज सकाळी हवामान खात्याला फोन लावायची पद्धत होती, आणि अकरा महिन्यांत एकदाही खात्याचा आकडा आणि यंत्राचा आकडा वेगळा निघाला नव्हता. मग इथेही तेच केलं. गावाच्या टोकाला हवामान खात्याचं छोटं कार्यालय होतं. तिथले काका फोन उचलायचे, तब्येत विचारायचे, आणि सांगायचे, “एक हजार बारा, बाई.” कधी अकरा, कधी चौदा. ती लिहून घ्यायची.

मशीन बसवायला आलेला इंजिनियर, तोही परदेशीच, एकदा डोकं खाजवत म्हणाला की कारखान्यातून निघताना मशीन जेवढं देत होतं त्यापेक्षा बाईंचा आकडा बराच कमी येतोय. पण समुद्रातून, घाटातून एवढा प्रवास झालाय, हललं असेल काहीतरी. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तोच आकडा आला. मग त्याने मशीन तिच्या आकड्याप्रमाणे वर चढवून दिलं, तिच्याशी हात मिळवला आणि दुसरं मशीन बसवायला सीमेपलीकडच्या देशात निघून गेला. तिथे तिचाच वर्गमित्र होता, मास्तरांकडे तिच्या शेजारच्या बाकावर बसून शिकलेला. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणायचे.

आता राहिली शेवटची पायरी. करारात स्पष्ट लिहिलं होतं की पहिला पेशंट घेण्याआधी तिसऱ्याच देशातल्या एका प्रयोगशाळेने मशीन तपासायचं. तपासणीस काही विमानाने येत नाही. टपालाने पांढऱ्या भुकटीने भरलेल्या चिमुकल्या कॅप्सूल येतात. त्या पाण्यात ठेवून त्यांना अगदी ठरलेली मात्रा द्यायची, दोन एकक, आणि परत पाठवायच्या. भुकटी खोटं बोलत नाही. तिकडे ते मोजतात आणि कळवतात की तुम्ही दोन म्हणालात, आम्हाला इतके मिळाले.

मीटरबाईने कॅप्सूल परत पाठवल्या तो दिवस आठव्या आठवड्यातला. उत्तर यायला नऊ दिवस लागणार होते. त्या नऊ दिवसांत घरदार नुसतं उधाणलं होतं. मुलीने भिंतीवर मशीनचं चित्र काढलं, खाली आडवी झोपलेली मोठी आई, तिच्या चेहऱ्यावर हे भलं मोठं हसू. जाऊबाईंनी नवं पोलकं शिवायला टाकलं, पुढून उघडणारं, कारण नर्सने तसं सांगितलं होतं. शिंप्याला म्हणाल्या, बटणं नीट लाव रे बाबा, परदेशी लोक बघायचेत. मोठ्या डॉक्टरांनी सोमवारची तारीख घातली. पहिलं नाव जाऊबाईंचं.

उत्तर आलं शुक्रवारी दुपारी. मीटरबाईने ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढली आणि बसून पुन्हा वाचलं.

तुम्ही दोन म्हणालात. आम्हाला दोन पूर्णांक एकतीस मिळाले. फरक पंधरा टक्क्यांहून जास्त. कारण सापडेपर्यंत कृपया एकही पेशंट घेऊ नये. आम्ही तुमच्या मदतीला आहोत.

ही तपासणी नसती, तर सोमवारी पहिलं नाव होतं घरचंच. पंचवीस दिवस, रोज पंधरा टक्के जास्त. कातडी भाजली असती, आतलं फुप्फुस होरपळलं असतं, आणि ज्या बाईने आपली पोर वाढवली तिला हे सगळं आपल्याच सहीने मिळालं असतं. तिने डोळे मिटून मनातल्या मनात हात जोडले. कुणीतरी वेळेवर आपलं मनगट धरलं होतं.

मोठे डॉक्टर रागावले नाहीत, आणि तेच तिला जड गेलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं की शोधायला किती दिवस लागतील. ती म्हणाली, माहीत नाही. ते म्हणाले, बरं.

घरी सांगायला जीभ उचलेना. पण जाऊबाईंनी तिला चपला काढतानाच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मला करपवणार होतीस.”

“वहिनी, थट्टा नको.”

“थट्टा कुठे? पोळी करपली की तवा काढून ठेवतो, चूल मोडत नाही आपण. शोध काय झालंय ते. माझे तीन आठवडे आहेत अजून.”

मग त्यांनी पोलक्याचा विषय काढला. शिंप्याने बाही तोकडी केली होती.

शनिवारी मास्तरांशी पडद्यावर समोरासमोर बोलणं झालं. म्हातारा माणूस सुट्टीच्या दिवशी, घरच्या स्वयंपाकघरात बसून, कागद समोर घेऊन एकेक कलम विचारत होता. मशीनपासून पाण्याचं अंतर? मोजलं, दोनदा. कांडी किती खोल? दहा सेंटीमीटर. कांडी तपासल्याचा दाखला कुठल्या वर्षीचा? तापमान? दाब कुठून घेतला? हवामान खात्याकडून, सर, तुमच्यासारखाच रोज सकाळी. छान, म्हणाले मास्तर आणि पुढच्या कलमावर गेले. दोन तास झाले, यादी संपली, चूक सापडली नाही. सोमवारी प्रयोगशाळेची प्रश्नावली येईल, तोवर झोप घे, असं ते म्हणाले. झोप कसली. रविवारभर ती त्या खोलीत होती. टाकी रिकामी केली, पुन्हा भरली. कांडी बदलून दुसरी लावली. आकडा जिथल्या तिथे. सगळं बरोबर होतं आणि सगळं मिळून चूक होतं.

सोमवारी सकाळी, जेव्हा खरं तर जाऊबाई त्या टेबलावर असायला हव्या होत्या, तेव्हा तिने सवयीने हवामान खात्याला फोन लावला. काकांचा आवाज नव्हता. काका मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. एक तरुण बाई बोलत होती, आवाजात घाई, मागे कुठलंतरी यंत्र टकटकत होतं.

“हवेचा दाब हवा होता,” मीटरबाई म्हणाली.

“कुठला सांगू, इथला की समुद्राचा?”

मीटरबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने विचारलं, समुद्राचा म्हणजे काय.

ती तरुण बाई शाळेत समजावतात तसं सांगू लागली. आपण डोंगरावर, इथे हवा विरळ, दाब कमी. पण सगळ्या गावांचे आकडे एका नकाशावर मांडायचे तर प्रत्येक गाव समुद्राच्या पातळीला असतं तर किती असता, असा हिशेब करून आम्ही कळवतो. बातम्यांत तोच सांगतात, विमानवाल्यांना तोच लागतो, कुणी फोन केला तरी आम्ही तोच देतो. आजचा तो एक हजार तेरा. “आणि इथला खरा, माझ्या समोरच्या काट्यावरचा, आठशे सत्त्याहत्तर.”

मीटरबाईने कागदावर भागाकार मांडला. हजार तेराला आठशे सत्त्याहत्तर. एक पूर्णांक एकशे पंचावन्न. पंधरा टक्के आणि वर थोडं.

ती फोन कानाला तसाच धरून हसायला लागली, आणि डोळ्यांना धारा. पलीकडची मुलगी घाबरून हॅलो, हॅलो करत राहिली.

सगळा उलगडा एका क्षणात झाला. मास्तरांचं इस्पितळ समुद्रकिनाऱ्यावर. तिथे इथला आणि समुद्राचा असे दोन आकडे नसतातच. म्हणून खात्याचा आकडा अकरा महिने यंत्राशी जुळला. तीच सवय ती डोंगरावर घेऊन आली. इथल्या विरळ हवेमुळे कांडीत हवाच कमी होती, मीटर कमी दाखवत होता, आणि ती समजत होती की मशीनच कमी देतंय. मशीन बिचारं कारखान्यातून निघालं तसंच शहाणं होतं. त्याला वर चढवलं होतं ते तिने.

ती धावतच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. समोर पेशंट होता. दार ढकलून, आपण काय करतोय याचं भान न ठेवता ती म्हणाली, “सापडलं. आपण समुद्राच्या हवेत मोजत होतो.” डॉक्टर उभे राहिले. पेशंटही उभा राहिला, त्याला वाटलं आपल्याच आजाराचं काही सापडलं.

संध्याकाळी मास्तर पुन्हा पडद्यावर आले. तिने सांगितलं. त्यांनी समोरची कलमांची यादी उलटी ठेवली. मग म्हणाले, “चूक माझी आहे. तीस वर्षं मी समुद्राकाठी बसून शिकवतोय. हवा बदलते हे फळ्यावर शिकवलं, पण तुमच्यातले किती जण डोंगरात परत जाणार हे कधी विचारलं नाही.”

“सर, माझीही आहे,” ती म्हणाली. “आकडा रोज जुळतो, एवढ्यावरच मी खूश होते.”

दोघंही मान हलवत हसले. तिथून पुढे कामाला जे तोंड फुटलं ते बघण्यासारखं होतं. हवामान खात्यातली ती तरुण बाई स्वतः स्कूटरवरून खात्याचं जादा यंत्र मांडीवर पाटीसारखं सांभाळत घेऊन आली, आणि आलीच आहे म्हणून तासभर मशीन बघत थांबली. प्रयोगशाळेने नव्या कॅप्सूल त्याच दिवशी रवाना केल्या, पत्रात खाली हाताने लिहिलं होतं की शाब्बास, आमच्या प्रश्नावलीच्या आधी शोधलंत. मशीन पुन्हा खाली उतरवायला इंजिनियर सीमेपलीकडून सकाळच्या बसने आला. मोजणी केली, आकडा कारखान्याच्या कागदाशी असा जुळला की त्याने कपाळावर हात मारून घेतला.

आणि मग पाणी पिता पिता तो सहज बोलून गेला, तिकडे लंबूच्या इस्पितळातही असंच झालंय. त्याचा आकडा कारखान्यापेक्षा वीस टक्क्यांनी कमी येतोय. मी परवा मशीन वर चढवून देणार होतो.

मीटरबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. लंबूचं गाव हिच्या गावाहूनही उंच.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. लंबू नेहमीप्रमाणे मोठ्याने आणि आनंदात होता. त्याच्या पहिल्या पेशंटची तारीख ठरली होती. दाब कुठून घेतोस, तिने विचारलं. हवामान खात्याकडून, मास्तरांची पद्धत, असं तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. तिने सगळं सांगितलं. त्याच्या गावाला तर अडचण दुप्पट होती: हवामानाचं ठाणं खाली दरीतल्या विमानतळावर, इस्पितळ वर डोंगरमाथ्यावर. तिथला खरा आकडाही त्याच्या कामाचा नव्हता. त्याचंही यंत्र जकातीत होतं.

“मी पेशंट थांबवतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. “पण आता माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही. कुणीतरी दुसऱ्याने येऊन माझ्याशेजारी उभं राहून मोजल्याशिवाय मी बटण दाबणार नाही.”

“मी येते,” मीटरबाई म्हणाली. “आमच्या पहिल्या पेशंटचे दोन दिवस होऊ देत, त्यानंतरच्या शनिवारी येते. यंत्र घेऊन. टपालाने नाही पाठवणार, मांडीवर घेऊन येईन.”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की खात्याचं यंत्र तर सीमेपार नेता यायचं नाही. पण शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या कॅप्सूलचं उत्तर येईपर्यंत अकरावा आठवडा संपला. घरात त्या दिवसांत कुणी कॅलेंडरकडे बघायचं नाही, असा अलिखित करार होता. फक्त जाऊबाई मधूनच मोठ्याने म्हणायच्या की पोलकं पेटीत पडून चुरगळतंय. बुधवारी सकाळी मीटरबाई खोली बघून बाहेर येत होती, तोच मोठे डॉक्टर हातात मोबाईल घेऊन व्हरांड्यातून जवळजवळ पळत आले. बारा वर्षांत त्यांना कुणी पळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी नुसता फोन पुढे केला.

तुम्ही दोन म्हणालात. आम्हाला दोन पूर्णांक एक शतांश मिळाले. फरक अर्धा टक्का. मशीन पेशंटसाठी वापरण्यास योग्य.

आयांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी साखर आणली आणि ज्याच्या त्याच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवत सुटलं. मीटरबाईने घरी फोन लावला, मुलीने उचलला. “मोठ्या आईला सांग,” ती म्हणाली, “उद्या नवं पोलकं घालायचंय.” फोनमधून पोरीच्या धावण्याचा, मग भांडं पडल्याचा आणि मग जाऊबाईंच्या ओरडण्याचा आवाज आला.

गुरुवारी जाऊबाई आल्या, केस चापूनचोपून, तोकड्या बाहीच्या पोलक्यात. मास्तरांच्या इस्पितळातली एक डॉक्टरीणबाई पहिल्या आठवड्यासाठी म्हणून मुद्दाम आली होती. जाऊबाईंनी तिला नमस्कार केला आणि आपल्या भाषेत भराभरा दोन वाक्यं बोलल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या भाषेत दोन सांगितली. दोघींचं छान जमलं. टेबलावर झोपताना मात्र जाऊबाईंनी मीटरबाईचा हात घट्ट धरला. हात गार होता.

“धाकटे, बरोबर आहे ना ग?”

“बरोबर आहे वहिनी. माझ्यासकट तिघांनी मोजलंय.”

“मग जा बाहेर. उगाच इथे उभी राहून भाजून घेऊ नकोस.”

मीटरबाईने कोपरे पाहिले, वाकली, पाठीमागून फिरून आली आणि दार लावलं. पडद्यावर जाऊबाई डोळे मिटून, ओठ हलवत, अगदी स्थिर. दीड मिनिट मशीन गुणगुणलं. एवढंच. बारा वर्षं आणि चौदा खोकी, आणि काम दीड मिनिटाचं. मोठे डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. बाहेर आल्यावर जाऊबाईंनी विचारलं की झालं? काहीच कळलं नाही की. मी तर अजून सुरू व्हायची वाट बघत होते.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आपल्या पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक डबी काढून मीटरबाईला दिली. आत दाब मोजायचं यंत्र, पितळी, कडा झिजलेल्या. मास्तरांच्या टेबलावरचं. सोबत चिठ्ठी: समुद्राकाठी याला काही काम नाही, तुमच्याकडे राहू दे. जिथे लागेल तिथे नेत जा.

शुक्रवारी दुसरी खेप झाली. शनिवार-रविवार मशीन बंद. जाऊबाईंना जरा थकवा होता, म्हणून मीटरबाईचा पाय निघेना. ती संध्याकाळभर पिशवी भरत होती आणि रिकामी करत होती. शेवटी जाऊबाई पलंगावरूनच म्हणाल्या की तिकडे पण कुणाची तरी जाऊ खोळंबून बसली असेल. सोमवारी तू इथे नसलीस तर मी त्या टेबलावर चढणार नाही, पण उद्या तू इथे दिसलीस तर मीच तुला घराबाहेर काढेन. आणि कूस बदलून झोपल्या.

पहाटे पाचला घर निजलेलं होतं. मुलगी मोठ्या आईच्या कुशीत, एक पाय तिच्या अंगावर टाकून. मीटरबाईने पासपोर्ट पदराच्या आत खोचला, डबी दोन्ही हातांनी उचलली, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. गल्लीत कुणी नव्हतं. सीमेकडे जाणारी पहिली बस साडेपाचला सुटत होती. ती उताराने निघाली, डबी छातीशी धरून, पावलं जपून टाकत, तिला हिसका बसू नये म्हणून.